टॅप, टिचकी की दाबा? : स्पर्शपडद्याच्या सूचनांतील क्रियापदे

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. पायऱ्यांवर बसून तापीकडे पाहत गप्पा चालतात आणि अलीकडे त्यांतला निम्मा वेळ मोबाइलवर जातो. विजेचे बिल घरून कसे भरायचे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा द्यायचा, नातवाने पाठवलेला फोटो मोठा करून कसा पाहायचा. यांपैकी मराठी घरांतल्या काही जणांच्या आग्रहावरून मी चार पानांचे एक पत्रक लिहिले. मराठी शिकवण्यात आयुष्य गेले आहे, तेव्हा भाषेची चिंता नव्हती. शुद्धलेखन दोनदा तपासले, वाक्ये लहान ठेवली, अक्षर मोठे घेतले. पत्रके वाटली आणि आठ दिवसांनी घाटावरच त्यांचा निकाल लागला.

एक काका पत्रक घेऊन आले. त्यांनी चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पहिल्या पानावर ‘बटण दाबा’, दुसऱ्यावर ‘येथे टिचकी मारा’, तिसऱ्यावर ‘चिन्हाला स्पर्श करा’ आणि शेवटच्या पानावर ‘क्लिक करा’.

“सर, ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत का?”

“नाही, एकच.”

“मग नावं चार कशाला?”

याचे खरे उत्तर मला ठाऊक होते. आपण शाळेत निबंध शिकवतो तेव्हा पुनरुक्ती टाळा असे सांगतो. एकाच परिच्छेदात ‘सुंदर’ तीनदा आला की तांबडी रेघ मारतो आणि ‘रम्य’, ‘मनोहर’ सुचवतो. ललित लेखनात हा संस्कार उपयोगी आहे. तोच हात सूचनापत्रक लिहू लागला, की वाचकाची पंचाईत होते. सूचना वाचणारा माणूस शब्द बदलला की क्रिया बदलली असे धरून चालतो, आणि त्याचे तसे धरणे रास्त आहे. आमच्या गावात यंत्रमागांची संख्या मोठी. मागावरचा कारागीर भाषेला विविधता यावी म्हणून ताण्याला कधी बाणा म्हणत नाही. म्हटले तर कापडच बिघडेल. माझ्या पत्रकात नेमके तेच झाले होते.

नुसता गोंधळ झाला असता तर हा लेख लिहिला नसता. चारही शब्दांनी वाचकांच्या बोटांकडून चार वेगळ्या गोष्टी करवून घेतल्या, आणि त्यांतल्या काही चालल्याच नाहीत.

‘टिचकी’पासून सुरुवात करतो, कारण हा शब्द मला आवडतो. मराठी संकेतस्थळांच्या सुरुवातीच्या काळात ‘क्लिक’साठी ‘टिचकी मारा’ रुजवण्याचा उत्साहाने प्रयत्न झाला आणि मराठी विकिपीडियावर तो शब्द अजूनही भेटतो. माउसच्या बाबतीत तो शोभतही होता. टिचकीचा आवाज आणि माउसचा आवाज एका कुळातले. पण टिचकी मारताना बोट काय करते ते पाहा. बोट अंगठ्याला अडवून झटकन सोडतो आणि समोरच्या वस्तूवर नख आपटते. कॅरमचा स्ट्रायकर आपण असाच मारतो. घाटावरच्या एका गृहस्थांनी माझी सूचना शब्दशः पाळली, पडद्यावर नखाने टिचकी मारली, आणि फोन ढिम्म.

तो हलला नाही याचे कारण पडद्याच्या रचनेत आहे. आजच्या फोनच्या काचेखाली विद्युतप्रभाराचे अतिशय बारीक, न दिसणारे जाळे असते. आपले शरीर विद्युतवाहक आहे. बोटाचे टोक काचेला टेकले की त्या जागचा प्रभार किंचित बदलतो आणि त्यावरून फोनला जागा कळते. नख वीज वाहून नेत नाही, म्हणून ते फोनला सहसा कळत नाही. जाड हातमोज्याचेही तेच. येथे जोर लागत नाही, त्वचा टेकणे पुरे होते.

‘दाबा’ या शब्दाची चूक याच रचनेतून निघते. पूर्वीच्या पडद्यांची जात वेगळी होती. त्यांत दोन पातळ थर एकमेकांपासून केसभर अंतरावर असत आणि वरचा थर दाबून खालच्याला टेकला की यंत्राला जागा कळे. तेथे बोट, नख, पेनचे टोपण, काहीही चाले; दाब मात्र लागे. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला बनवलेला सिम्प्युटर बारीक काडीने चालवायचा होता, तो त्याच पिढीतला. त्या पडद्यांसाठी ‘दाबा’ हे अक्षरशः खरे होते. आयफोन २००७ साली आला, त्यानंतर दुसऱ्या जातीचे पडदे सर्वत्र झाले, पण सूचनांतला ‘दाबा’ तसाच राहिला. आता ‘दाबा’ वाचून वयस्क माणूस अंगठा रोवून दाबतो. जोराने दाबायचे म्हणजे जरा वेळ दाबायचे, हे ओघाने आलेच. फोनला जोर कळत नाही, वेळ कळतो. साधारण अर्धा सेकंद बोट एका जागी राहिले की फोन ती निराळी क्रिया समजतो आणि वेगळी यादी उघडतो. एक आजी मला म्हणाल्या, “अरे, मी बिल भरायला गेले तर तो मला विचारतो, हे काढून टाकू का?” त्यांनी ॲपचे चिन्ह मनापासून दाबले होते.

जोर ओळखणारे फोनही मधल्या काळात होऊन गेले. ॲपलने २०१५ साली तशी सोय आणली आणि काही वर्षांत काढून टाकली. ती टिकली असती तर ‘टेकवा’ आणि ‘दाबा’ हे दोन शब्द मराठीलाही वेगळे ठेवावे लागले असते. तरी ‘दाबा’ आपण मोडीत काढू नये. फोनच्या कडेचे चालू-बंद करण्याचे बटण दाबायचेच असते, मतदान यंत्राचेही. जेथे काहीतरी खरोखर आत जाते तेथे ‘दाबा’ लिहावे, पडद्यावरच्या चित्रातल्या बटणाला लिहू नये. असा भेद एकदा पाळला की वाचकाला शब्दावरूनच कळते, बोट काचेवर न्यायचे की फोनच्या कडेला.

‘क्लिक’विषयी फार लिहायला नको. तो माउसचा शब्द आहे, आणि तरुण मंडळी आता फोटोही ‘क्लिक’ करतात.

राहिला ‘स्पर्श करा’. शब्द सोज्ज्वळ आहे, सर्वांना कळतो, मला तो सर्वांत निरुपद्रवी वाटला होता. त्यानेच सर्वांत मोठी अडचण केली असती. ज्यांना दिसत नाही असे लोकही हेच फोन वापरतात. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाची सोय असते. ती चालू केली की बोटाचे नियम बदलतात. पडद्यावर बोट टेकवले की फोन तेथे काय आहे ते नुसते वाचून दाखवतो. ते उघडायचे असेल तर लागोपाठ दोनदा टॅप करावे लागते. बोट झटकन उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते. आता माझ्या पत्रकातले वाक्य अशा बाईंना कोणी वाचून दाखवले असे समजा: “शेवटी ‘पाठवा’ या बटणाला स्पर्श करा.” त्या बोट टेकवतील, फोन म्हणेल “पाठवा, बटण”, आणि सांगितल्याप्रमाणे सगळे झाले असे समजून त्या फोन ठेवून देतील. पैसे गेलेलेच नसतील. बिलाची तारीख टळेल आणि चूक कुणाची हे त्यांना कळणारही नाही.

यावरून मी पत्रकाची सगळी घडणच बदलली. बहुतेक सूचनांत बोटाची क्रिया सांगण्याची गरज नसते. काय साधायचे ते सांगितले की पुरते. “‘पाठवा’ हे बटण निवडा”, “सेटिंग्ज उघडा”. निवडायचे कसे, हे ज्याच्या-त्याच्या फोनच्या पद्धतीप्रमाणे. मायक्रोसॉफ्टच्या लेखनसंहितेतही इंग्रजी लेखकांना असाच सल्ला आहे: माउस, बोट, कळफलक यांपैकी कशानेही काम होत असेल तेथे ‘सिलेक्ट’ म्हणावे. मराठीत ‘निवडा’ हे क्रियापद तयारच आहे आणि तांदूळ निवडणाऱ्या घरात ते समजावून सांगावे लागत नाही. बोटाची क्रिया तेवढ्याच ठिकाणी सांगावी, जेथे ती क्रिया हाच विषय आहे: फोन आला तर तो कसा घ्यावा, फोटो मोठा कसा करावा. अशा जागा मोजक्याच असतात आणि शब्दांची खरी निवड तेथेच करावी लागते.

नवे शब्द घडवण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोश, सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ, महाराष्ट्राचे १९६०चे भाषा संचालनालय आणि १९६१चा केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग ही नावे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. या सर्व कामाचा भर नामांवर राहिला: पदांची नावे, खात्यांची नावे, वस्तूंची आणि संकल्पनांची नावे. ते साहजिकही होते, कारण राज्यकारभाराला नामेच लागतात. पडद्यावरच्या बोटाला मात्र क्रियापदे लागतात, आणि ती घडवण्याची गरजच नाही. हाताच्या हालचालींसाठी मराठीत टेकवणे, सरकवणे, ओढणे, ढकलणे, झटकणे, चोळणे, थोपटणे, गिरवणे, पुसणे अशी रास पडली आहे. यांतले कोणते क्रियापद कशासाठी राखायचे, हे ठरवून त्याला चिकटून राहायचे, एवढेच काम उरते. तेच जड जाते, कारण आपल्याला सगळीच आवडतात.

त्यात एके ठिकाणी मी इंग्रजी शब्द घेतला, त्याचे कारण सांगतो. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ साली आली, आणि त्या मराठीत फोन स्वतःच ‘टॅप करा’ म्हणतो. टॉकबॅकही ‘दोनदा टॅप करा’ असे बोलतो. हातातला फोन एक शब्द वापरतो आणि पत्रक दुसरा, असे झाले तर नुकसान वाचकाचे. म्हणून ‘टॅप’ ठेवला. त्याला दोष आहेत. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाच्या लेखी फोन टॅप करणे म्हणजे चोरून ऐकणे. ‘फोनवर टॅप करा’ वाचून एका काकांनी भुवया उंचावल्या होत्या. शिवाय ‘टॅबवर टॅप करा’ असे वाक्य झाले की मोठ्या अक्षरातही डोळा अडखळतो. तरीही एकदा अर्थ सांगितला की शब्द काम करतो. मी पहिल्याच पानावर लिहिले: “टॅप करा म्हणजे बोटाचे टोक पडद्यावर हलकेच टेकवून लगेच उचला.” या वाक्यातला जीव ‘लगेच उचला’ यात आहे. टेकवणे सर्वांना जमते, चुकते ते उचलण्यात.

‘टेकवा’ ठरल्यावर दुसरी क्रिया सोपी झाली. इंग्रजीत हिच्यासाठी एकमत नाही. ॲपल ‘टच अँड होल्ड’ म्हणतो, कोणी ‘लाँग प्रेस’. मराठी फोनवर ‘स्पर्श करा आणि धरून ठेवा’ असे रूप दिसते. हे इंग्रजी वाक्य मराठी अक्षरांत बसवलेले आहे, आणि त्यात कर्म गळाले आहे. काय धरून ठेवायचे? आमच्या एका आजींनी बोट टेकवले, उचलले आणि फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मराठीत ‘धरणे’ म्हणजे मुठीत घेणे. काच मुठीत येत नाही. त्यात बऱ्हाणपुरात हिंदीचे ‘धरना’ शेजारी असतेच, आणि त्याचे अर्थ ठेवण्यापासून सत्याग्रहाला बसण्यापर्यंत जातात. म्हणून ‘बोट टेकवून ठेवा’. किती वेळ? ‘पडद्यावर काही बदलेपर्यंत’. सेकंद मोजायला सांगितले की माणूस फोनकडे न बघता घड्याळाकडे बघतो.

हिंदीचा हा शेजार आमच्याकडे नेहमीचाच. येथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, आणि रस्त्यावर आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, निमाडी एकाच संभाषणात ऐकू येतात. मराठी घरांतल्या अनेकांचा फोन हिंदीत असतो आणि पत्रक मराठीत. त्यामुळे दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्द येथे जास्त जपून वापरावे लागतात. ‘चिन्ह ओढा’ हे पुण्यात निर्धोक आहे. येथे शाळा हिंदीतून शिकलेल्या सुनेला ‘ओढ़ना’ म्हणजे शाल अंगावर घेणे आठवते. ‘ओढत न्या’ असे लिहिले की दोन्हीकडच्यांना कळते. वस्तू ओढत नेल्यावर ती ‘सोडा’ असे लिहीत होतो, तेही बदलून ‘बोट उचला’ केले. सोडणे ही वस्तूची गोष्ट झाली आणि उचलणे बोटाची. शिवाय टॅपच्या व्याख्येत ‘उचला’ आधीच येऊन गेलेले असते.

सर्वांत अधिक वेळ ‘स्वाइप’ने घेतला. हा शब्द फोनच्या आधी कार्डाबरोबर आपल्याकडे आला. दुकानात आपण सरळ ‘कार्ड घासा’ म्हणतो, आणि ते किती चपखल मराठी आहे! पण पडद्यावर बोट घासा म्हटले तर माणूस भांडे घासल्यासारखे मागे-पुढे करील. वर लिहिताना ‘स्वाइप’ की ‘स्वाईप’ हा प्रश्न आहेच. एकाच पत्रकात दोन्ही रूपे आली की दोन क्रिया आहेत असे वाटणारा वाचक मी पाहिला आहे.

येथे मराठीचे व्याकरण मदतीला आले. इंग्रजीला ‘स्वाइप’ आणि ‘ड्रॅग’ अशी दोन क्रियापदे लागतात. आपल्याकडे कर्म बदलले की काम होते. ‘बोट सरकवा’ म्हटले की पडद्यावरचे काही बोटाला चिकटून यायचे नाही, नुसते बोट फिरणार. ‘चिन्ह ओढत न्या’ म्हटले की चिन्ह बोटाबरोबर येणार. अट इतकीच, की कर्म कधीही गाळायचे नाही. ‘डावीकडे सरकवा’ अशी तुटक सूचना मराठीत खपून जाते, कारण आपल्या भाषेला कर्म गाळायची सवय आहे, आणि वाचक विचारत राहतो: काय सरकवू?

दिशेचा घोटाळा याहून मोठा. ‘खाली जा’ असे लिहिले तर बोट कोठे न्यायचे? खालचा मजकूर पाहायचा असेल तर बोट वर न्यावे लागते, कारण कागद वर सरकल्यावर खालचा भाग दिसतो. माउसचे चाक वापरून आलेला माणूस येथे हमखास उलटे करतो. म्हणून दिशा नेहमी बोटाची सांगावी आणि हेतू आधी द्यावा: “खालचा मजकूर पाहण्यासाठी बोट खालून वरच्या दिशेने सरकवा.” वाक्य लांबते, लांबू द्यावे. ‘वर’ या शब्दाला मराठीत आणखी एक खोड आहे. ‘पडद्यावर सरकवा’ आणि ‘वर सरकवा’ यांत दिशा फक्त एका मोकळ्या जागेने राहते. छपाईत ‘पडदा वर’ आणि ‘पडद्यावर’ एकमेकांत गेले की सूचनेचा अर्थच जातो. मी ‘वर’ एकटा कोठेच ठेवला नाही. ‘वरच्या दिशेने’ किंवा ‘खालून वर’ असेच लिहिले. पुष्कळ फोनवर येणारा कॉल घ्यायला बोट वरच्या दिशेने सरकवावे लागते, आणि तेथे टॅप करत राहणाऱ्या माणसाचा फोन वाजून वाजून थांबतो. मुलगा परगावी असलेल्या घरात ही लहान गोष्ट राहत नाही.

फोटो मोठा-लहान करण्यासाठी फोनच्या इंग्रजीत चिमटा काढायला सांगतात. मराठीत चिमटा दुखवायला काढतात. ‘दोन बोटे टेकवून एकमेकांपासून दूर न्या’ आणि ‘एकमेकांजवळ आणा’ असे लिहिले, कोणी काही विचारले नाही, विषय संपला.

शाळांमध्ये आता मोठे स्पर्शफलक आले आहेत आणि त्यांच्याबरोबर लिहिण्याची काडीही येते. तिला ‘स्टायलस’ म्हणावे की ‘पेन’? ‘पेन’ म्हटले की एखादा विद्यार्थी खिशातले शाईचे पेन काढून फलकावर रेघ मारतो आणि शिक्षकाचा दिवस जातो. माझे मत ‘लेखणी’ला आहे. रोजच्या व्यवहारात आपण पेनला लेखणी म्हणणे जवळजवळ सोडले आहे. तो शब्द अग्रलेखांत आणि सत्काराच्या भाषणांत उरला आहे. म्हणजे तो मोकळा आहे, ओळखीचा आहे आणि अर्थाने बरोबर आहे. खोक्यावर ‘स्टायलस’ छापलेले असते, तेवढा एकदा उल्लेख करून पुढे सर्वत्र लेखणी.

लेखणीच्या क्रियापदांत मराठी शिक्षकाला विशेष आनंद मिळावा. बोटाने पृष्ठावर अक्षर काढणे आपल्याला नवे नाही. धूळपाटीवर पिढ्यान्‌पिढ्या तेच झाले आणि ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा प्रयोग त्यातूनच राहिला. ‘गिरवा’ आणि ‘लिहा’ यांतला भेद इंग्रजी ॲपांच्या भाषांतरांत बरेचदा पुसला जातो, तो आपण जपावा. समोर दिलेल्या अक्षरावरून लेखणी फिरवायची तेव्हा ‘गिरवा’, मोकळ्या जागेत स्वतः काढायचे तेव्हा ‘लिहा’. रेघेच्या बाबतीत मी ‘ओढा’ टाळून ‘रेघ काढा’ लिहितो, कारण ‘ओढत न्या’ हे वस्तूसाठी राखले आहे. एरवी ‘रेघ ओढणे’ हे अस्सल मराठी आहे, आणि ते सोडताना जीवावर आले. एकसारखेपणाची किंमत म्हणतात ती अशी द्यावी लागते.

‘दाबा’ येथे पुन्हा हजर होते, आणि यावेळी हक्काने. चांगल्या लेखणीला जोर कळतो. दाबून लिहिले की रेघ जाड येते. तिच्या अंगावर एखादे बटणही असते. लेखणी काचेला न टेकवता किंचित वर धरली तरी काही पडद्यांना ती कळते आणि खाली ठिपका दिसतो. या क्रियेला ‘तरंगती धरा’ असे सुचवणारे आहेत. मी ‘न टेकवता जवळ धरा’ लिहिले. काव्य कमी आहे, पण चुकायला जागा नाही. येथे ‘धरा’ चालते, कारण लेखणी खरोखर मुठीत असते.

उचलण्याचा मुद्दा लेखणीच्या बाबतीत आणखी महत्त्वाचा होतो. पामच्या १९९६ सालच्या पायलट या यंत्रात लिहिण्यासाठी ‘ग्राफिटी’ नावाची पद्धत होती. तिच्यात जवळजवळ प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढायचे असे. देवनागरीत हे कसे जमावे? ‘अ’ काढताना आपण लेखणी दोन-तीनदा उचलतो, काना-मात्रा-वेलांट्या मागाहून देतो आणि शिरोरेषा कोणी अक्षरागणिक, तर कोणी सगळा शब्द झाल्यावर ओढतो. हस्ताक्षर ओळखणारे यंत्र लेखणी उचलल्यावर क्षणभर वाट पाहते आणि मग शब्द संपला असे समजते. शिरोरेषा द्यायला उशीर झाला तर ती आडव्या रेघेसारखी वेगळी उमटू शकते. म्हणून शिक्षकांसाठीच्या सूचनेत मी ‘लिहा’ एवढ्यावर थांबलो नाही: “शब्द शिरोरेषेसह सलग लिहा, मध्ये लेखणी उचललीत तर लगेच पुन्हा टेकवा.” टेकवा, उचला, सरकवा, ओढत न्या, दाबा. बोट असो की लेखणी, हीच पाच क्रियापदे पुरली. ‘टॅप’ हे त्यांतल्या पहिल्या दोघांचे जोडनाव.

दुसरी आवृत्ती दिवाळीनंतर घाटावर नेली. पहिल्या पानावर शब्दांचे अर्थ, पुढे सर्वत्र तेच शब्द. पेन्सिलवाल्या काकांनी ती पायरीवर बसून सावकाश वाचली आणि एका ठिकाणी खूण केलीच. टॉकबॅकच्या भागात मी ‘दोनदा टॅप करा’ असे लिहिले होते, फोन म्हणतो तसे.

“डॉक्टर म्हणतात गोळी दोनदा घ्या,” काका म्हणाले, “ती मी सकाळी एक आणि रात्री एक घेतो.”

त्यांनी एकदा टॅप केले होते, फोन काय म्हणतो ते ऐकले होते आणि मग निवांतपणे दुसऱ्यांदा टॅप केले होते. फोनला मात्र दोन्ही टॅप क्षणार्धात हवे असतात, नाहीतर तो त्यांना दोन वेगळे टॅप समजतो. तिसऱ्या आवृत्तीत ‘लागोपाठ दोनदा, दारावर टकटक करतो तसे’ असे घातले आहे. ती सध्या काकांकडेच आहे.